पोते वाहणाऱ्याची तालीम

माघ-फाल्गुनात सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक सुरू झाली, म्हणजे दिवसभर पोती उतरवून त्यांच्या थप्प्या लावणारा आणि सायंकाळी वाराईचा हिशेब चुकता करून घेणारा हमाल जर घरी जाण्याऐवजी तालमीकडे वळला, तर ‘दिवसभर केलेस ते काय कमी झाले?’ असे विचारणारा कोणी ना कोणी त्याला भेटतोच. प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु श्रम आणि व्यायाम यांची त्यात गल्लत झालेली आहे.

व्यायामातील भार अल्पकाळ असतो, पण तो शक्तीच्या सीमेजवळ जातो. त्यामागून विश्रांती येते, आणि शरीर त्याला सरावले की तो वाढविण्याची तजवीज करता येते. श्रमात यांपैकी काहीच कष्टकऱ्याच्या हाती नसते. पोत्याचे वजन ठरलेले, वेग गाडीवाल्याच्या घाईने ठरणारा, वाकण्याची तऱ्हा आणि खांद्याची बाजूही बहुधा तीच. त्यामुळे एकदा सराव झाला की ते ओझे बळ वाढवीत नाही, नुसते झिजविते. डेन्मार्कमधील संशोधक आंद्रेआस होल्टरमान व त्यांचे सहकारी यांनी या विसंगतीचा बराच पाठपुरावा केला आहे. फावल्या वेळच्या व्यायामाने हृदयविकाराचा धोका घटतो, उलट रोजच्या जड श्रमांत तो अनेक पाहण्यांतून वाढलेला दिसतो. आणि याचे एक कारण ते असे सांगतात की तासन्‌तास नाडी व रक्तदाब चढे राहतात आणि मधली उसंत पुरेशी मिळत नाही.

मात्र यावरून हमालाने कामाच्या जोडीला पैलवानाची पूर्ण मेहनत करावी, असा निष्कर्ष काढणे अविचाराचे होईल. श्रम आणि तालीम यांचा खर्च शरीराच्या एकाच खात्यावर पडतो, आणि जमेच्या बाजूला झोप व अन्न एवढ्याच दोन रकमा असतात. म्हणून तालमीची मेहनत कामाचा हंगाम पाहूनच ठरवावी लागते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव (हेलसिंकी ऑलिंपिक, 1952चे कांस्यपदक) आणि कवठेपिरानचे मारुती माने (जाकार्ता आशियाई स्पर्धा, 1962चे सुवर्णपदक) ज्या मुलखातून आले, तेथे जत्रांतील कुस्त्यांचे फड चैत्र-वैशाखात रंगतात, आणि पैलवानाची मेहनत त्या सुमारास ऐन भरात यावी लागते. हमालाचे आणि ऊसतोड्याचे पंचांग याच्या नेमके उलट आहे. हळदीची मोठी आवक आणि कारखान्यांचे गाळप हिवाळ्यात व उन्हाळ्यातच येते. म्हणून बळ वाढविण्याचा त्याचा काळ पावसाळा, आणि हंगामात मिळविलेले राखले तरी पुष्कळ झाले.

राखण्याला लागते किती, हे कळले तर पुष्कळांना नवल वाटेल. बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 16 आठवडे रीतसर भारव्यायाम केलेल्यांच्या व्यायामाचे प्रमाण पुढील 32 आठवडे एक तृतीयांश, काहींचे तर एक नवमांश इतके कमी केले, तरी मिळविलेली ताकद बव्हंशी टिकून राहिली. वयस्कर मंडळींच्या स्नायूंचा आकार तेवढा उतरला. म्हणजे हंगामात आवर्तने कमी करावीत, वजन कमी करू नये. आठवड्यातून एक किंवा दोन वेळा, शक्य तर सुटीच्या दिवशी, तीन हालचाली पुरतात. पोते उचलताना कंबरेवर जो ताण पडतो तोच तालमीत पुन्हा घेण्यात अर्थ नाही. काम ज्या स्नायूंना विचारीत नाही त्यांना तेथे विचारावे. दोर चढणे किंवा डंबेल ओढणे, डोक्यावर वजन ढकलणे, आणि थोड्याच, पण खोल व भारासह बैठका. सूर्यनमस्कारांचा प्रश्न येथे कोणी काढीलच, कारण औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातील शाळांत सक्तीचे केले होते. आखडलेले सांधे मोकळे करण्यास ते उत्तम. परंतु ज्याची पाठ पोते पेलते, त्याच्या बळात स्वतःच्या देहभाराने फारशी भर पडत नाही.

आहाराबाबत फार लांबण लावण्याचे कारण नाही. भाकरी भरपूर असतेच, उणीव बहुधा प्रथिनांची असते. दूध, अंडी, डाळ, मूठभर शेंगदाणे यांनी ती स्वस्तात भरून निघते. थंडाईवाचून खुराक नाही ही समजूत खिशाला महाग पडते.

दुखापतीचा प्रश्न मात्र निराळा आहे. सांगलीतच वडिलांच्या पानपट्टीवर हातभार लावून वजने उचलायला शिकलेल्या संकेत सरगरने 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलो उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्ण एका किलोने हुकले, कारण क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याचा कोपर दुखावला. त्याच्यावर पुढे सरकारी खर्चाने इंग्लंडमध्ये शस्त्रक्रिया झाली. पोत्यामागे पैसे घेणाऱ्याचा कोपर दुखावला तर त्या दिवसापासूनच मजुरी थांबते. म्हणून त्याने सीमेपर्यंत जाण्याचा मोह आवरावा, आणखी दोन वेळा वजन उचलता येईल अशी खात्री असतानाच ते खाली ठेवावे. आणि ज्या दिवशी यार्डात गाड्यांची रांग मोठी, त्या दिवशी तालमीला रजा द्यावी.