पिवळ्या खुंटरोपाला खताआधी निदान हवे

निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात आज उभी असलेली द्राक्षबाग बहुतेक वेळा शेडनेटखालच्या एका काळ्या पिशवीत सुरू झालेली असते. डॉगरीज किंवा ११० आर खुंटाची काडी पिशवीत मुळी धरते आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास शेतात जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिच्यावर थॉमसन किंवा दुसऱ्या वाणाचे कलम भरले जाते. युरोपात फायलोक्सेरा किडीने बागा संपवल्या म्हणून खुंट आला. आपल्याकडे तो खारट पाणी, चुनखडीची जमीन आणि पाण्याचा ताण यांसाठी आला.

कलम भरायला खुंट पेन्सिलीएवढा जाड लागतो. पिशवीत उपाशी राहिलेले रोप ही जाडी वेळेत गाठत नाही. कलम लांबले की थंडी गाठते, डोळे नीट फुटत नाहीत आणि नांग्या भरण्यात पुढचे वर्ष जाते. ज्या खुंटावर बागेने पंधरा वर्षे उभे राहायचे, त्याच्या पहिल्या तीन महिन्यांतली चूक इतकी महाग पडते. तरीही पिवळे रोप दिसले की हात आधी खताच्या पुडीकडे जातो. त्यामागचे काही पक्के समज तपासून पाहू.

गैरसमज १ : पान पिवळे, म्हणजे नत्र कमी.

वस्तुस्थिती : पिवळेपणाची अनेक कारणे असतात. कोणते पान पिवळे आहे, हे पाहिले की त्यातली निम्मी गळून जातात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये रोपात हलू शकतात. तुटवडा पडला की रोप ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला देते, म्हणून लक्षण खालच्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव कोवळ्या पानांवर उमटते. जस्त आणि गंधक यांची लक्षणेही बहुधा वरच दिसतात.

खालची पाने शिरांसकट सारखीच फिकी पडली, तर नत्राचा संशय घ्यावा. खालच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मॅग्नेशियमकडे पाहावे. खालच्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपत असतील, तर पालाश कमी असू शकते. पण खारट पाण्यातला सोडियम आणि क्लोराइडही कडा करपवतात, म्हणून पाण्याची क्षारता मोजल्याशिवाय पालाश देऊ नये. कोवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी उठून दिसते आणि बाकी पान लिंबासारखे पिवळे पडते, ती लोहाची खूण. पाने लहान आणि पेरे आखूड राहिले, तर जस्त तपासावे. पान उलटून खालची बाजूही पाहावी. लाल कोळी आणि तुडतुडेही पान फिके करतात, आणि त्यावर कोणतेही खत चालत नाही.

गैरसमज २ : काडी फुटली, म्हणजे मुळी धरली, आता खत सुरू करावे.

वस्तुस्थिती : पहिली दोन-तीन पाने काडीत साठलेल्या स्टार्चवर निघतात. डोळा फुटतो तेव्हा खाली अनेकदा नुसती गाठ आलेली असते. ही शिदोरी संपेपर्यंत मुळी सुटली नाही, तर रोप फिके पडते, शेंडा थांबतो आणि ते उपाशी दिसू लागते. या वेळी दिलेले खत घ्यायला मुळी अजून नसतेच. उलट क्षार वाढून नवी पांढरी मुळी जळते. दोन-तीन पिशव्या फाडून पाहाव्यात. पांढरी, टोकदार मुळी दिसली तरच हलक्या मात्रेत खत सुरू करावे.

गैरसमज ३ : लोह कमी आहे, म्हणून मातीत हिराकस टाकावा.

वस्तुस्थिती : आपल्या मातीत एकूण लोह भरपूर असते. अडचण ते मुळीला मिळण्याची आहे. चुनखडीच्या मातीचा सामू ८ च्या आसपास असतो आणि विहीर-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात. अशा ठिकाणी टाकलेला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, थोड्याच काळात न विरघळणाऱ्या रूपात जातो. चिलेट वापरतानाही प्रकार पाहावा लागतो. ईडीटीए चिलेट साधारण साडेसहा सामूपर्यंत टिकते, डीटीपीए साडेसातपर्यंत, आणि ईडीडीएचए ९ सामूच्या मातीतही लोह धरून ठेवते. स्वस्त म्हणून ईडीटीए आणून चुनखडीच्या मातीत त्याची आळवणी करणे म्हणजे पैसा मातीत घालणे.

लोह हरितद्रव्याचा घटक आहे, असेही अनेकांना वाटते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते आणि त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. लोह त्या रेणूत नसते, पण त्याच्याशिवाय रोप तो रेणू घडवू शकत नाही. एक सोपी परीक्षा घरच्या घरी करता येते. पिवळ्या कोवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर फेरस सल्फेटचे सौम्य द्रावण ब्रशने लावावे. काही दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला, तर उणीव लोहाचीच आहे.

गैरसमज ४ : निदान कशाला? एकोणीस-एकोणीस खत आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये मिसळून दिली की सगळे भागते.

वस्तुस्थिती : अन्नद्रव्ये एकमेकांची वाट अडवतात. स्फुरद जास्त झाले की जस्त आणि लोह मिळेनासे होते. पालाश वाढले की मॅग्नेशियमची उचल घटते. छोट्या पिशवीत दर दोन दिवसांनी दिलेल्या विद्राव्य खताचे क्षार साचत जातात आणि भरपूर खाऊ घातलेले रोप भुकेल्या रोपासारखेच दिसू लागते. कॅल्शियम नायट्रेट तर सल्फेट किंवा स्फुरदयुक्त खतांच्या तीव्र द्रावणात कधीच मिसळू नये. टाकीच्या तळाशी पांढरा साका बसतो, रोपाला काहीच मिळत नाही आणि ठिबकची तोंडे बुजतात.

गैरसमज ५ : पाने जांभळट पडली, म्हणजे स्फुरद वाढवा.

वस्तुस्थिती : ऑक्टोबर छाटणीच्या काड्या डिसेंबर-जानेवारीत पिशवीत असतात. निफाडची थंडी सगळ्या राज्याला माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरच्या तापमानाची दर हिवाळ्यात बातमी होते. थंड मातीत मुळी मंदावते आणि माध्यमात स्फुरद असूनही ते उचलले जात नाही, म्हणून पाने जांभळट दिसतात. तेव्हा पिशव्या जमिनीवरून उचलून जाड आच्छादनावर ठेवाव्यात, रात्री शेडनेटच्या बाजू झाकाव्यात आणि संध्याकाळी गार पाणी देणे टाळावे. ऊब आली की नवी पाने आपोआप हिरवी येतात.

गैरसमज ६ : कोकोपीट स्वच्छ आणि शेणखत नैसर्गिक, म्हणून दोन्ही निर्धोक.

वस्तुस्थिती : न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पालाश भरपूर असते, आणि ते रोपाच्या वाट्याचे कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेते. म्हणून ते गोड्या पाण्याने धुऊन कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवावे, पुन्हा धुवावे आणि मगच भरावे. अर्धकच्चे शेणखत कुजताना त्यातले सूक्ष्मजीव माध्यमातले नत्र स्वतःसाठी वापरतात, त्यामुळे शेणखत घालूनही रोप नत्राअभावी फिके पडते. कोंबडीखत ताजे असेल, तर त्यातला अमोनिया मुळी जाळतो. पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे खतच पिशवीत घालावे.

गैरसमज ७ : पिवळे पान हिरवे झाले नाही, म्हणजे उपाय फसला.

वस्तुस्थिती : करपलेली कड पुन्हा जिवंत होत नाही आणि खूप दिवस पिवळे राहिलेले पान क्वचितच पूर्ण सावरते. उपायाचा निकाल शेंड्यावर वाचावा. दहा-बारा दिवसांत निघणारी नवी पाने आकाराने आणि रंगाने सुधारली, तर रस्ता बरोबर आहे. जुने पान पाहून मात्रा वाढवत गेलो, तर सावरणारे रोपही जाते.

रोप सावरायचे कसे?

आधी खत पूर्ण थांबवावे. चांगली आणि खराब अशी चार-चार रोपे उपटून मुळ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. तपकिरी, मऊ आणि वास येणारी मुळी पाणी जास्त झाल्याचे सांगते. मुळीवर गाठी असतील, तर सूत्रकृमी आहेत. अशी रोपे वेगळी काढून नष्टच करावीत, कारण पिशवीबरोबर सूत्रकृमीही बागेत जातात.

मग पाणी आणि पिशवीतून निथळलेले द्रावण यांचा सामू आणि क्षारता मोजावी. निथळलेले पाणी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा फारच खारट असेल, तर गोड्या पाण्याने पिशव्या निथळून घ्याव्यात आणि वाफसा येईपर्यंत थांबावे. पिशवीच्या तळाची भोके बुजलेली नाहीत ना, तेही पाहावे.

मुळी निरोगी असेल, तर निदानाप्रमाणे हलकी फवारणी संध्याकाळी घ्यावी. लोहासाठी एक लिटर पाण्यात २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, मॅग्नेशियमसाठी ३ ते ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, नत्रासाठी ३ ते ५ ग्रॅम युरिया पुरेसा होतो. एका वेळी एकच उपाय करावा आणि आधी थोड्या रोपांवर. फवारणी हा तात्पुरता आधार आहे. रोपाची खरी भूक मुळीवाटेच भागते, म्हणून नवी मुळी सुटताच थोडे थोडे खत पाण्यातून सुरू करावे.

शंका उरली, तर प्रयोगशाळेत जावे. द्राक्षाच्या देठ परीक्षणाचे ठरलेले निकष उभ्या वेलींसाठी आहेत : एप्रिल छाटणीनंतर ४५ दिवसांनी पाचव्या पानाचा देठ, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ. पिशवीतल्या रोपाला ते आकडे लावू नयेत. इथे माध्यम आणि पाणी तपासावे, आणि चांगल्या-खराब रोपांच्या पानांचे नमुने वेगवेगळे द्यावेत. लोहाच्या बाबतीत मात्र पानातल्या एकूण लोहाचा आकडा फसवतो, कारण पिवळ्या पानातही ते पुष्कळ असू शकते, फक्त उपयोगी रूपात नसते. पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि नाशिकचे कृषी विज्ञान केंद्र या कामी सल्ला देतात.

रोपे विकत घेणाऱ्या शेतकऱ्यानेही शेंड्याच्या हिरवेपणावर भाव ठरवू नये. युरियाच्या एका फवारणीने चार दिवसांचा हिरवेपणा आणता येतो. एक पिशवी फाडून मुळी दाखवा, असे रोपवाटिकेत स्पष्ट म्हणावे. ज्याची मुळी चांगली, तो ती दाखवायला कचरत नाही.