वारस, मिरास आणि रिक्थ

थळघाट चढून आगगाडी इगतपुरीस पोहोचली की पर्जन्यकाळी भाताची खाचरे दिसू लागतात; आणि यांतील प्रत्येक खासगी खाचराच्या पाठीशी सातबाऱ्यावरील खातेदाराचे नाव, व तो निवर्तल्यावर त्याच्या जागी कोणाचे नाव लागावे हा प्रश्न, उभा असतो. त्याचे उत्तर ज्या शब्दात सामावले आहे तो ‘वारस’ हा शब्द मूळचा अरबी असून फारसी दप्तरांतून मराठीत उतरला, आणि येथे इतका मुरला की आज तो परका वाटत नाही.

अरबीत ‘वारिस’ म्हणजे एकाच्या पश्चात त्याचे जे आहे ते ज्याच्याकडे येते तो. ईश्वराच्या नामांत ‘अल्-वारिस’ हे नाम गणतात ते याच अर्थाने, की सर्व लयास गेल्यावरही तो शेष राहतो. त्याच धातूपासून ‘मिरास’ हा शब्द झाला. दख्खनच्या मुलुखात पेशवाईअखेरपर्यंत जो कुणबी वंशपरंपरेने जमीन धारण करी, सारा भरीत असेतो ज्यास कोणी काढू शकत नसे, तो मिरासदार. आणि जो केवळ कराराने कसावयास येई तो उपरी. गावातील मानपानही या भेदाशी निगडित असे.

संस्कृताने मात्र याच व्यवहाराकडे निराळ्या बाजूंनी पाहिले. ‘रिक्थ’ हा शब्द रिच् धातूचा, म्हणजे जाणाऱ्याने जे मोकळे करून ठेवले ते; ‘दाय’ हा दा धातूचा, म्हणजे जे दिले जाते ते. परंतु कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाखाली मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने याहून दूरगामी सिद्धांत मांडला: वडिलोपार्जित धनावर पुत्राचा हक्क पित्याच्या मरणाने नव्हे, तर स्वतःच्या जन्मानेच उत्पन्न होतो. महाराष्ट्रात शतकानुशतके हेच मत प्रमाण मानले गेले. हा जन्मसिद्ध हक्क कन्येस नव्हता, ही त्यातील मोठी उणीव. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने तिला पित्याच्या हिश्शात वाटा दिला, तरी तो पित्याच्या पश्चातच. जन्माचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली, तोवर अविवाहित असलेल्या कन्यांपुरता, दिला; २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर सर्व कन्यांस मिळाला; आणि पिता तेव्हा हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला.

कायद्याने दिलेले हे सारे गावात अखेर दप्तरातून जाते. खातेदार वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची, वारसा-प्रकरणांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये व्हावयाची, आणि फेरफार मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर सातबारा बदलावयाचा, असा हा क्रम. लेकींची नावे त्यात लागतातही. परंतु माहेर तुटू नये या भयाने त्या हक्कसोडपत्रावर सही करून देतात, आणि कायद्याने इतक्या कष्टाने लावलेले नाव घरच्या ओट्यावरच खोडले जाते. याला स्वखुशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

इगतपुरी तालुक्यात तर याहूनही मूलभूत अडचण आहे. येथील महादेव कोळी, ठाकर, कातकरी या अनुसूचित जमाती आहेत. आणि केंद्र शासनाने अधिसूचनेने तसे ठरविल्याखेरीज तो १९५६ चा अधिनियम अनुसूचित जमातींस लागू होत नाही, असे त्याचे दुसरे कलमच सांगते. आदिवासी जमिनी बाहेरच्यांच्या हाती जाऊ नयेत यासाठी महसूल संहितेत स्वतंत्र तरतुदी आहेत, आणि त्या आवश्यकच आहेत. परंतु त्याच जमिनीत आवणी करणाऱ्या लेकीस वारस म्हणून उभे राहताना या अधिनियमाचा आधार थेट घेता येत नाही, आणि रूढी काय होती हे सिद्ध करण्याचा भार पुष्कळदा तिच्याच माथी येतो.