बारा टक्क्यांचे दुकान असताना तीस टक्क्यांचे का चालते? : संगणक-खेळांच्या डिजिटल दुकानांतील स्पर्धा

या पाठातून काय शिकायचे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : (१) डिजिटल दुकानाला दुहेरी बाजार का म्हणतात, (२) कमिशनच्या दराचा निर्मात्याच्या हाती पडणाऱ्या रकमेवर काय परिणाम होतो, (३) कमी कमिशन घेणारे दुकान आपोआप का जिंकत नाही, (४) या स्पर्धेत कायदा कुठे येतो.

प्रस्तावना

मी वाराणसीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. दरवर्षी अंतिम वर्षाचा एखादा तरी गट प्रकल्प म्हणून संगणक-खेळ तयार करतो आणि सादरीकरण झाले की एकच प्रश्न विचारतो : "सर, हा विकायचा कुठे?" त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : "एक दुकान ३० टक्के घेते, दुसरे १२ टक्के. मग सगळे दुसरीकडेच का जात नाहीत?"

या प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्रात कमी आणि बाजाराच्या शास्त्रात जास्त आहे. आमच्या शहरात ते समजायला फार लांब जावे लागत नाही. बनारसी साडी विणणारा कारागीर स्वतः ग्राहकापर्यंत क्वचितच पोहोचतो. माल चौकाजवळच्या कुंज गल्लीसारख्या ठिकाणच्या गद्दीवर जातो, कारण देशभरचे खरेदीदार तिथे येतात. जवळच कोणी नवी गद्दी उघडून "माझी दलाली निम्मी" असे म्हणाले, तरी कारागीर आधी एकच गोष्ट पाहील : तिथे गिऱ्हाईक येते का? खेळांच्या दुकानांचेही असेच आहे. फरक इतकाच की तिथे गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारी दोरी जास्त घट्ट आहे.

१. पार्श्वभूमी : डबा गेला, खाते आले

पूर्वी खेळ सीडीवर मिळत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन डबा विकत आणला की तो तुमचा. मित्राला द्या किंवा जुना म्हणून विका. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' सुरू केले, तेव्हा ते मुख्यतः स्वतःच्या खेळांना सुधारणा पोहोचवण्याचे साधन होते. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला 'हाफ-लाइफ २' खेळायचा तर स्टीमवर खाते उघडणे भाग पडले. त्या एका खेळामुळे लाखो संगणकांवर स्टीम बसले. पुढच्याच वर्षापासून इतर कंपन्यांचे खेळ तिथे विकले जाऊ लागले.

इथे एक भेद लक्षात ठेवा. प्लेस्टेशन, निन्टेन्डो यांसारख्या खास खेळ-यंत्रांवर डिजिटल दुकान यंत्र बनवणाऱ्या कंपनीचेच असते. दुसऱ्याला आत प्रवेश नाही. विंडोज संगणक मात्र खुला आहे. त्यावर कोणीही दुकान थाटू शकतो. म्हणून खरी स्पर्धा आपल्याला संगणकावरच पाहायला मिळते. स्टीमखेरीज २००८ पासून 'जीओजी', २०१३ पासून छोट्या निर्मात्यांचे 'इच', डिसेंबर २०१८ पासून 'एपिक गेम्स स्टोअर' आणि शिवाय मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान, अशी ही रांग आहे.

२. दुहेरी बाजार म्हणजे काय?

ज्या दुकानाला दोन वेगळ्या गटांना एकाच वेळी आकर्षित करावे लागते आणि एका गटाचा आकार दुसऱ्या गटाचा फायदा ठरवतो, त्याला दुहेरी बाजार म्हणतात. खेळाडू जास्त असतील तर निर्माते येतात. निर्माते जास्त असतील तर खेळाडू येतात. या परस्परवाढीला नेटवर्क परिणाम असे नाव आहे. जो आधी मोठा होतो तो अधिक मोठा होत जातो. नव्या दुकानाची अडचण अशी की दोन्ही बाजू रिकाम्या असताना सुरुवात कोणापासून करायची?

३. हिशेब : एक हजाराचा खेळ

आता आकडे मांडू. समजा, एका खेळाची किंमत १,००० रुपये आहे आणि त्यात १८ टक्के जीएसटी समाविष्ट आहे.

- करपूर्व किंमत : १,००० ÷ १.१८ = ८४७.४६ रुपये
- ३० टक्के कमिशन गेल्यावर निर्मात्याकडे : ५९३.२२ रुपये
- १२ टक्के कमिशन गेल्यावर निर्मात्याकडे : ७४५.७६ रुपये

म्हणजे प्रत्येक प्रतीमागे सुमारे १५२ रुपयांचा फरक. छोट्या गटाला ही रक्कम लहान नाही. पण आता दुसरी बाजू पाहा. निर्मात्याने फक्त १२ टक्क्यांच्या दुकानात विकायचे ठरवले, तर तिथे किती प्रती खपायला हव्यात?

७० ÷ ८८ = ०.७९५

मोठ्या दुकानात १,००० प्रती खपल्या असत्या, तर छोट्या दुकानात किमान ७९६ प्रती खपल्या तरच बरोबरी होते. तिथे ३०० खपल्या तर कमिशन कमी असूनही निर्माता मोठ्या तोट्यात. पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळाले : निर्माता कमिशनचा दर एकटा पाहत नाही, दर आणि खप यांचा गुणाकार पाहतो.

(वास्तवात दर यापेक्षा थोडे गुंतागुंतीचे आहेत. एपिकचे दुकान उघडण्याच्या आठवडाभर आधी स्टीमने १ कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटी डॉलरच्या पुढे २० टक्के असे टप्पे जाहीर केले. सवलत मोठ्यांना मिळाली. छोट्यांचा दर ३० टक्केच राहिला. स्पर्धेचा पहिला लाभ ज्याच्याकडे निघून जाण्याची ताकद असते त्यालाच मिळतो, हे यातून दिसते.)

४. खेळाडू जागचा का हलत नाही?

उरलेले अर्धे उत्तर खेळाडूकडे आहे. किराणा दुकान बदलायला काही खर्च येत नाही. डिजिटल दुकान बदलायला येतो, आणि तो पैशांत दिसत नाही. याला बदलाचा खर्च म्हणतात. त्याचे घटक असे :

(अ) *संग्रह* – दहा वर्षांत घेतलेले खेळ एका खात्यात असतात. ते दुसऱ्या दुकानात हलवता येत नाहीत आणि विकताही येत नाहीत.

(आ) *मित्रमंडळी* – सोबत खेळणाऱ्यांची यादी, गप्पा, मिळवलेले मान हे सगळे त्याच खात्याला जोडलेले असते.

(इ) *विश्वास आणि सोय* – परीक्षणे वाचता येतात. खेळ घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळण्याची सोय स्टीमने २०१५ मध्ये आणली. त्याच वर्षी भारतीयांना रुपयांत किंमत दिसू लागली. क्रेडिट कार्ड नसलेल्या विद्यार्थ्याच्या देशात ही छोटी गोष्ट नव्हे.

आता मुख्य मुद्दा. वरच्या उदाहरणात १२ टक्क्यांच्या दुकानातला निर्माता तितकेच ५९३.२२ रुपये मिळवून खेळ किती स्वस्त देऊ शकला असता?

५९३.२२ ÷ ०.८८ × १.१८ = सुमारे ७९५ रुपये

एकाच खेळाची किंमत इथे १,००० आणि तिथे ७९५ असती, तर कोणताही विद्यार्थी दुसरीकडे गेला असता. पण बहुतेक वेळा दोन्हीकडे किंमत सारखीच असते. कमिशन वाचते ते निर्मात्याच्या किंवा प्रकाशकाच्या खिशात राहते. खेळाडूला त्याचा पत्ताही लागत नाही. जी स्वस्ताई ग्राहकाला दिसत नाही, ती ग्राहकाला हलवत नाही. आणि ग्राहक हलला नाही की निर्माताही हलत नाही.

५. नव्या दुकानाची हत्यारे

किंमत वापरता येत नसेल तर नवे दुकान दुसरे मार्ग शोधते.

*फुकट खेळ.* एपिक नेमाने मोफत खेळ वाटते. अ‍ॅपलविरुद्धच्या खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, पहिल्या सुमारे नऊ महिन्यांत कंपनीने यासाठी खेळांच्या मालकांना अंदाजे १ कोटी १६ लाख डॉलर दिले आणि सुमारे ५० लाख नवी खाती मिळवली. म्हणजे एका खात्यामागे साधारण अडीच डॉलरपेक्षा कमी खर्च. पण खाते उघडणारा पुढे पैसे देऊन खेळ घेईलच, याची खात्री नसते.

*मुदतीची मक्तेदारी.* जानेवारी २०१९ मध्ये, प्रकाशनाला अडीच-तीन आठवडे उरले असताना, 'मेट्रो एक्झोडस' हा खेळ स्टीमवरून काढून एका वर्षासाठी एपिककडे नेण्यात आला. अमेरिकेत त्याची किंमत ६० डॉलरवरून ५० डॉलरवर आली. कमी कमिशन ग्राहकापर्यंत पोहोचल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. तरीही खेळाडूंचा रोष झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो स्टीमवर परतला.

*वेगळा माल.* 'जीओजी' कुलूप नसलेले खेळ विकते : फाइल उतरवून घेतली की ती खाते किंवा इंटरनेट नसतानाही चालते. हे दुकान दराने लढत नाही. जुन्या डब्याचा मालकीहक्क परत देऊन लढते.

मोठ्या कंपन्यांनीही वेगळे व्हायचा प्रयत्न केला. ईएने २०११ पासून आपले नवे मोठे खेळ स्टीमबाहेर ठेवले आणि २०१९ मध्ये ती परतली. यूबीसॉफ्टने २०१९ पासून तसेच केले आणि २०२२ च्या अखेरीस तीही परतली. ज्यांच्याकडे जगप्रसिद्ध खेळ होते त्यांना जे जमले नाही, ते आपल्या चार जणांच्या गटाला जमेल का, हा विचार करावा.

६. उदाहरण : पुण्याची 'राजी'

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ केला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू, छायाबाहुल्यांसारखी दृश्ये, असा त्याचा थाट. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न अयशस्वी झाला, तरी काम थांबले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर आला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी संगणकावर आणि इतर खेळ-यंत्रांवर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले.

या क्रमाकडे अभ्यासक म्हणून पाहा. आधी एका दुकानात, मग सगळीकडे. एखाद्या दुकानाच्या कार्यक्रमात आपला खेळ पहिल्यांदा दाखवला जाणे म्हणजे जाहिरातीसाठी पैसा नसलेल्या चमूला मिळालेली जाहिरातच. मुदत संपली की बाकीची दारे उघडायची. छोट्या निर्मात्यासाठी दुकानांच्या स्पर्धेचा सर्वांत मोठा उपयोग बहुधा हाच आहे : कमी कमिशनपेक्षा, गर्दीत उठून दिसण्याची संधी. स्टीमवर सुमारे १०० डॉलर भरून कोणालाही खेळ मांडता येतो. त्यामुळे मांडणे सोपे झाले आणि दिसणे अवघड.

७. कायदा कुठे येतो?

भारताच्या स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ नुसार बाजारात वरचढ असणे हा गुन्हा नाही. त्या स्थानाचा गैरवापर करणे हा आहे. शेजारच्या मोबाइल बाजारातले उदाहरण घ्या. प्ले स्टोअरवर ठरावीक पेमेंट पद्धतच वापरण्याची सक्ती केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो सुमारे २१६ कोटींवर आणला.

संगणक-खेळांबाबत असाच प्रश्न अमेरिकेत न्यायालयात आहे. वुल्फायर गेम्स या निर्मात्याने २०२१ मध्ये व्हॉल्व्हविरुद्ध दावा दाखल केला. आरोप असा की इतर दुकानांत खेळ स्वस्त विकण्यापासून निर्मात्यांना रोखले जाते. व्हॉल्व्हला हा आरोप मान्य नाही. निकाल काहीही लागो, वाद नेमका कशावर आहे ते आता तुमच्या ध्यानात आले असेल : वरच्या हिशेबातील ७९५ रुपयांची पाटी लावता येते की नाही, यावर.

सारांश

कमिशनचा दर हा स्पर्धेचा एक भाग झाला. खप, खेळाडूचा संग्रह, मित्रमंडळी आणि विश्वास हे दुसऱ्या पारड्यात असतात. कमी कमिशनचा फायदा किमतीतून खेळाडूपर्यंत पोहोचला तरच बाजार हलतो. तोवर छोट्या निर्मात्याने एका दुकानाशी कायमचे बांधून घेऊ नये; मुदतीच्या करारात मुदत, हमीची रक्कम आणि नंतरचे हक्क नीट वाचावेत; आणि जिथे जास्त जण बघतील तिथे आधी उभे राहावे.

स्वाध्याय

१. खेळाची किंमत करासह ५०० रुपये आहे. ३०, १२ आणि १० टक्के कमिशनवर निर्मात्याच्या हाती किती पडतील?

२. निर्माता दोन्ही दुकानांत विकत असेल, तर ७९६ प्रतींचा हिशेब लागू होतो का? कारण द्या.

३. तुमच्या गावातील किंवा शहरातील एखादा दलालीवर चालणारा बाजार (भाजी मंडई, साडी, आंबा) निवडा. तिथे बदलाचा खर्च कोणाला जास्त येतो, विक्रेत्याला की ग्राहकाला?

४. तुमच्या स्वतःच्या खात्यातील खेळ दुसऱ्या दुकानात फुकट हलवता आले असते, तर तुम्ही दुकान बदलले असते का? तुमच्या उत्तरातून बाजाराबद्दल काय समजते ते १०० शब्दांत लिहा.