हिरव्या त्रिकोणात न दिसणारं विष

चोपडा, अमळनेर, शिरपूर, कुठल्याही शिवारात पावसाळ्यात कपाशीत शिरा. काठीला टांगलेला कामगंध सापळा दिसेल. त्याच्या टोपीखाली एक इवलीशी वडी असते, ल्यूर. गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधाची ती नक्कल. रसायन अगदी नखभर, तरी रात्रभर नर पतंग तिकडे ओढले जातात. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली, हे कपाशीवाल्याला पाठ असतं. त्या वडीत विष नसतं, खोटा निरोप असतो. नर त्या निरोपाला भुलतो आणि मादीपर्यंत पोचतच नाही.

माणसाच्या शरीरातही असेच निरोप फिरतात. थायरॉईड, बीजकोश, वृषण या ग्रंथी रक्तात संप्रेरकं, म्हणजे हार्मोन सोडतात. मिलिलिटरभर रक्तात ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढंसंच त्यांचं प्रमाण. मुलीची पाळी, मुलाचा आवाज फुटणं, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ, सगळं त्यावर चालतं. काही रसायनं या संप्रेरकांची नक्कल करतात, काही त्यांची जागा अडवून बसतात, काही ती तयारच होऊ देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०१२च्या अहवालात अशी ज्ञात वा संशयित रसायनं सुमारे ८०० सांगितली आहेत. प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट त्यांत आहेत, बिस्फेनॉल-ए आहे आणि बरीच कीटकनाशकंही आहेत.

केळी-कपाशीच्या खानदेशात ही कीटकनाशकं रोज हाताळली जातात. आपण त्यांना ‘औषध’ म्हणतो आणि डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघून भीती ठरवतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. हा रंग ठरवणारी मुख्य कसोटी म्हणजे किती मात्रेत प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात. तोंडावाटे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच मरत असतील तर लाल. ५,०००च्या पुढे जावं लागलं तर हिरवा. केळीच्या करप्यावर मारलं जाणारं कार्बेन्डाझिम या मोजपट्टीवर हिरव्यात बसतं. तेच युरोपीय संघाच्या वर्गवारीत प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक म्हणून नोंदलेलं आहे. फवारताना चक्कर येऊन बांधावर पडण्याचा धोका रंगावरून कळतो. पुढच्या पिढीवर काय बेतेल, ते त्या रंगात उमटतच नाही.

ते कसं बेततं, हे केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या पद्रे गावानं दाखवलं. तिथं काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ हवेतून एन्डोसल्फान फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथली १० ते १९ वर्षांची ११७ मुलं तपासली आणि फवारणी नसलेल्या गावातल्या ९० मुलांशी ताडून पाहिली. २००३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पद्रेच्या मुलांच्या रक्तात एन्डोसल्फान जास्त होतं आणि त्यांचं वयात येणं लांबलेलं होतं. या मुलांनी हातात पंप धरला नव्हता. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एन्डोसल्फान देशभर थांबवलं. तोवर ते भारतातल्या कपाशीवरही मारलं जात होतं.

आता आपल्या घरात बघू. संध्याकाळी माणूस पाठीवरचा पंप उतरवून येतो, गळतीनं शर्ट पाठीला चिकटलेला. तो शर्ट मोरीत पोराच्या गणवेशासोबत एकाच बादलीत भिजतो आणि धुणारी सून कधी तीन महिन्यांची पोटुशी असते. याच महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्या थायरॉईड संप्रेरकावर वाढत असतो, त्याचे लैंगिक अवयव घडत असतात. मोठ्या माणसाच्या शरीरात बिघडलेला तोल पुष्कळदा सावरतो. घडतानाच चुकलेला अवयव पुन्हा घडवता येत नाही. म्हणून इथं किती रसायन गेलं याइतकंच कधी गेलं हेही महत्त्वाचं.

यातलं बरंच आपल्या हातात आहे. फवारणीचे कपडे शेतातच बदलावेत, वेगळ्या बादलीत धुवावेत, आणि धुणारी गरोदर नसावी. औषध कालवायला पोरांना लावू नये. रिकाम्या डब्याला भोक पाडावं, म्हणजे त्यात कुणी पाणी भरणार नाही. कामगंध सापळ्यांवर लक्ष ठेवलं तर गरज नसलेली फवारणी टळते. सरकारनं करायचं कामही आहे: गर्भाला आणि संप्रेरकांना असलेला धोका डब्यावर मराठीत, ठळक, वेगळ्या खुणेनं छापला गेला पाहिजे. मोरीवर बसलेल्या त्या सुनेला तो डबा वाचता आला पाहिजे.