टाय रॉडचं फाटलेलं रबर बूट वेळीच बदला

द्राक्षबागेत फिरणाऱ्या जुन्या मिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांमागे वाकून बघा. टाय रॉडच्या बॉल जॉइंटवरचं रबर बहुतेक वेळा तडकलेलं दिसेल. तिथून ग्रीस बाहेर येतं, चिखल आत शिरतो आणि बॉल घासून स्टिअरिंगला प्ले येतो.

जॅकने उचलून अ‍ॅक्सलखाली ठोकळे लावा, चाक काढा. स्प्लिट पिन काढून नट सैल करा, पण दोन-तीन आटे अडकलेले राहू द्या. हातोडा बॉल जॉइंटच्या पिनच्या आट्यांवर कधीच मारू नका. स्टिअरिंग आर्मच्या डोळ्याला बाजूने ठोका, टेपर सुटतो. फक्त बूट बदलताना टाय रॉडचं चेक नट मात्र हलवू नका, नाहीतर टो-इन बिघडेल.

जुनं ग्रीस पूर्ण पुसून बॉल हाताने हलवून पाहा. खडखडत असेल तर नुसतं बूट घालणं म्हणजे पैसे वाया. अख्खा टाय रॉड एंडच बदला. घट्ट असेल तर पिनचा आणि बॉडीचा व्यास मोजून त्याच मापाचं बूट आणा, लिथियम ग्रीस भरा. बूट गच्च भरू नका, फुगून फाटतं.

नट आवळताना पिनचं भोक जुळलं नाही तर थोडं आणखी आवळा, उलटं फिरवू नका. स्प्लिट पिन दर वेळी नवीच.