भाकरीचे मूळ आणि कूळ

वेम्बलीच्या ईलिंग रोडवरील वाणसामानाच्या दुकानांतून ज्वारी-बाजरीची पिठे हारीने मांडलेली असतात. ही धान्ये महाराष्ट्राच्या मातीतच जन्मली, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

रानगवताचे दाणे पिकताच गळून पडतात. त्यातच त्याच्या वंशाचे रक्षण असते. ज्या थोड्या कणसांचे दाणे गळत नसत, ती कापणाऱ्याच्या हाती अधिक लागत व पुढील वर्षी तीच पेरली जात. अशा असंख्य हंगामांनंतर जे धान्य निपजले, त्यास मनुष्याच्या हातावाचून वंश टिकविणे अशक्य झाले. पश्चिम आशियात गहू व जव सुमारे १०,००० वर्षांपूर्वी या वाटेने शेतात आले. इंग्लंडातील गहूदेखील सुमारे ६,००० वर्षांपूर्वी युरोपखंडातून आलेला पाहुणाच होय.

महाराष्ट्रातील प्राचीन शेतीचा पुरावा पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठी इनामगाव येथे मिळाला. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पू. १६०० च्या सुमारास वसलेल्या या गावाचे मुख्य पीक जव होते. तेथे पाण्याचा पाट, बांध आणि धान्याचे कोठारही आढळले. पुढे पर्जन्य घटले व शेती खालावली, असे उत्खननकर्त्यांचे अनुमान आहे. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान वाटोळ्या झोपड्या आल्या आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

मग भाकरी आली कोठून? ज्वारी पूर्व सुदानात, बाजरी पश्चिम आफ्रिकेत आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात माणसाळली. ती भारतात आली आणि कमी पावसाच्या रानांत व डोंगरउतारांवर रुजली. १८३४ नंतर कोकणातून गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्यांच्या घरी नाचणी नित्याची होती. उसाच्या मळ्यांवर त्यांच्या वाट्यास शिध्याचा तांदूळ व डाळ आली.

"तुम्ही मूळचे कोठले?" हा प्रश्न त्यांच्या वंशजांस मुंबईतही विचारला जातो आणि वेम्बलीतही. तोच प्रश्न ज्वारीस केला, तर तिला सुदानचे नाव सांगावे लागेल. तथापि मंगळवेढ्याचा शेतकरी तिला परकी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराने तिचे बी राखले आहे.