'अ' की 'ॲन'? विचारा बाराखडीला!

बालमित्रांनो, इंग्रजीच्या तासाला सगळ्यात जास्त कोण छळतं? लांबलचक स्पेलिंगं? छे! ती पाठ करता येतात. छळतात ते तीन चिमुकले शब्द : 'अ', 'ॲन' आणि 'द'. मराठीत असे शब्दच नाहीत. 'टेबलावर पुस्तक आहे' म्हटलं की झालं काम. इंग्रजीत मात्र त्या पुस्तकाआधी काहीतरी लावावं लागतं. काय लावायचं, या धास्तीनं चांगली हुशार मुलंही वर्गात तोंड मिटून बसतात. उत्तर येत असतं, पण चुकलं तर सगळे हसतील ना! आणि घरी आईबाबांना वाटतं, मराठी शाळेत घातलं तिथंच चुकलं.

पण गंमत सांगू? इथं मराठी आडवी येत नाही, उलट मदतीला धावते.

आजीची गोष्ट आठवा. आधी येतो 'एक राजा'. मग पुढे 'तो राजा' शिकारीला जातो. बस्स! पहिल्यांदा ओळख होते तेव्हा 'अ किंग', ओळख झाल्यावर 'द किंग'. ही नुसती युक्ती नाही बरं का. इंग्रजीतला 'अ' हा मुळात 'एक' या अर्थाच्या जुन्या शब्दातूनच आला आणि 'द' हा 'तो, ते' दाखवणाऱ्या शब्दातून. सूर्य, चंद्र मात्र एकेकच, ते सगळ्यांच्या ओळखीचे. म्हणून 'द सन', 'द मून'.

आता 'अ' आणि 'ॲन'चं भांडण. ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरं पहिली आली की 'ॲन', असं पुष्कळजण पाठ करतात. मग 'अ युनिव्हर्सिटी' का? आणि 'ॲन अवर' का? कारण हा नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. इंग्रजी स्पेलिंग उच्चार लपवतं. आपली देवनागरी तो उघड करते!

म्हणून शब्द देवनागरीत लिहा. पहिला स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'. तासाला म्हणतात 'अवर'. स्पेलिंगमध्ये आधी एच असला तरी तो मुका. देवनागरीत आला 'अ', म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'त आला 'य', म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. एक रुपयाची नोट? 'वन'मध्ये 'व', म्हणून 'अ वन-रुपी नोट'. आणि आपली लाल एस.टी.? 'एस'मध्ये 'ए' हा स्वर, म्हणून 'ॲन एस.टी. बस'. काय, आहे की नाही सोपं?

एकच सांभाळा. बोलताना आपण 'एक'चं 'येक' करतो, तसं 'एग'चं 'येग' झालं की युक्ती फसते. 'इअर' म्हणजे कान, 'यिअर' म्हणजे वर्ष. म्हणून 'ॲन इअर', पण 'अ यिअर'. लिहिण्याआधी उच्चार नीट ऐका.

बरं, हे इंग्रजांना तरी नेहमी जमलं का? मुळीच नाही! क्रिकेटमधला 'अंपायर' पूर्वी 'न'नं सुरू व्हायचा. लोक भरभर बोलले आणि त्याचा 'न' पुढच्या 'अ'ला जाऊन चिकटला. झाला 'ॲन अंपायर'! 'एप्रन'चंही तसंच. उलट 'ॲन एकनेम', म्हणजे जास्तीचं नाव, यातला 'न' पलीकडे गेला आणि 'निकनेम' तयार झालं. ज्यांची भाषा त्यांचीच अशी गडबड झाली, मग आपण एकदा चुकलो तर कसलं रडायचं?

आता दोन शब्द पालकांसाठी. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी शिकलेल्या तुमच्यापैकी अनेकांचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं असेल. आपली अडचण मुलांना येऊ नये, ही तळमळ मला कळते. पण त्यासाठी घरातलं मराठी बंद करू नका. ज्याला स्वर-व्यंजन पक्कं ठाऊक, त्याला वरचा नियम पाच मिनिटांत समजतो. मूल इंग्रजीत चुकलं तर चारचौघांत टोकू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, मग बरोबर वाक्य सहज म्हणून दाखवा. हसू मात्र नका. एकदा मिटलेलं तोंड पुन्हा उघडायला फार दिवस लागतात.

चला, मित्रांनो, वही काढा. आधी देवनागरी, मग 'अ' किंवा 'ॲन' :

१) युनिफॉर्म २) अंब्रेला ३) हॉटेल ४) ऑनेस्ट बॉय ५) एम.एल.ए. ६) युरोपियन

उत्तरे : १) अ २) ॲन ३) अ ४) ॲन ५) ॲन ६) अ

सहाही बरोबर आली? शाब्बास! मग उद्या वर्गात पहिला हात तुमचाच वर दिसू दे.